विज्ञानशिक्षकाची घडण

आपल्या वार्षिक अंकात गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली दरवर्षी प्रसिद्ध होते. परंतु त्यांना गणित व विज्ञान शिकविणारा शिक्षक कसा घडतो, ह्याचा विचार क्वचितच होतो. तो इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पूर्वापार रीत अशी, की प्रथम महाविद्यालयात विषयाची पदवी घ्यावयाची आणि मग वर्षभर अध्यापनशास्त्र शिकून शाळेत रुजू व्हावयाचे. विषय एकीकडे आणि तो शिकविण्याची पद्धती दुसरीकडे, अशी ही फारकत होती.

डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला. पुस्तकी विद्येच्या जोडीला तंत्रविद्या, शेती, वाणिज्य आदी विषय शिकविणाऱ्या बहूद्देशीय शाळा काढाव्यात, अशी त्याने शिफारस केली. शाळा निघाल्या, पण शिकविणार कोण? कारागिरास अध्यापन येईना आणि शिक्षकास कानस धरता येईना!

ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन केली. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे त्यांना साहाय्य लाभले. आपला महाराष्ट्र भोपाळच्या विभागात येतो. शालेय शिक्षण संपताच विद्यार्थ्याने तेथे प्रवेश घ्यावा आणि चार वर्षे विषय व अध्यापन ही दोन्ही एकत्र शिकावीत, हे तेथील विज्ञान व तंत्रविद्या शिक्षणक्रमांचे वैशिष्ट्य होय. सरावासाठी महाविद्यालयास जोडलेली शाळाही असे.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) दहावीपर्यंत गणित व विज्ञान सर्वांस अनिवार्य असावे, असे सुचविले. ह्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र होते. बहूद्देशीय शाळांची योजना मागे पडली आणि तंत्रविद्येचा शिक्षणक्रमही कालांतराने बंद झाला. विज्ञानाचा मात्र टिकला.

त्याचे मोल मला स्वानुभवाने कळले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एकदा वर्गात एका मुलीने विचारले, "गुरुजी, अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करावयाचा?" मी उत्तरलो, "तसा नियम आहे." ती मुकाट्याने खाली बसली. अर्ध्या भाकरीत पाव भाकरीचे तुकडे किती, एवढे विचारले असते तरी तिला वाट दिसली असती. पण नियमामागील कारण मलाच कोणी शिकविले नव्हते. ते खाली बसणे मला आजही बोचते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक शिक्षणक्रम २०३० पर्यंत शिक्षकांची किमान पात्रता ठरविण्याचे योजिले आहे. म्हणजे १९६३ चे बीज आता देशभर पेरले जात आहे.

"काहीच जमले नाही तर मास्तर हो," असे आपल्या घरोघरी अजूनही म्हटले जाते. पालकहो, हे वाक्य आता सोडावे. गणितात ज्याची बुद्धी चालते, अशा एखाद्या मुलास वा मुलीस आपण होऊन ह्या मार्गास लावावे, आणि आपल्या संस्थेने त्यास साहाय्य करावे, एवढीच एका निवृत्त शिक्षकाची नम्र विनंती आहे.