काळ्याचा आकडा सोळा

एडिटिंगच्या टाइमलाइनवर ठसठशीत दिसणारा व्हिडिओ एक्सपोर्ट केल्यावर फिकट पडतो, नाही तर उलट सावल्या काळ्याकुट्ट होऊन त्यांतला तपशील गडप होतो. मग खापर फुटतं सॉफ्टवेअरवर, किंवा मॉनिटरवर. मॉनिटरमॉनिटरमध्ये फरक असतो हे खरंच. पण एकाच मॉनिटरवर एकच फाइल दोन प्लेअरमध्ये शेजारीशेजारी लावली आणि तरीही वेगळी दिसली, तर पडद्याला दोष कसा देणार? अशा वेळी बहुतेकदा मोडलेलं काहीच नसतं. दूरचित्रवाणीने आणि संगणकाने आपापल्या काळात, आपापल्या गरजेपोटी जे करार केले, ते एकाच फाइलमध्ये समोरासमोर आलेले असतात.

त्यातला सगळ्यात चिवट करार 1982चा. स्टुडिओतलं चित्र आकड्यांत कसं मांडायचं हे त्या वर्षी सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीने आपल्या 601 क्रमांकाच्या शिफारशीत ठरवलं. (आपलं दूरदर्शन रंगीत झालं तेही त्याच वर्षी, अर्थात ‘पाल’ या अ‍ॅनलॉग पद्धतीने.) आठ बिटांत 0 ते 255 आकडे मावतात. समितीने काळ्याला 16 दिला, पांढऱ्याला 235, आणि टोकाचे 0 व 255 सिंकच्या खुणेसाठी राखून ठेवले. ही उधळपट्टी नव्हती. अ‍ॅनलॉग सिग्नल फिल्टरमधून गेला की चित्रातल्या तीव्र कडांपाशी तो क्षणभर काळ्याच्या खाली आणि पांढऱ्याच्या वर उसळतो. ती उसळी कापली गेली तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर चित्र बिघडत जातं. संगणकाला ही अडचण कधी नव्हतीच. त्याचं चित्र मेमरीतच जन्मतं, म्हणून त्याचा काळा 0 आणि पांढरा 255. साहजिकच व्हिडिओ पडद्यावर आणताना 16–235 ची पट्टी ताणून 0–255 करावी लागते. हे ताणणं राहून गेलं तर काळा कोळशासारखा करडा दिसतो. चुकून दोनदा झालं तर मुळातल्या 16 पासून 29 पर्यंतच्या सगळ्या छटा एकाच काळ्यात बुडतात. रात्रीच्या दृश्यातले केस आणि काळा कोट वेगळे ओळखू येत नाहीत.

अ‍ॅनलॉग गेलं, मग हा करार मोडून का टाकला नाही, असं कुणी विचारेल. पण तोवर कॅमेरे, टेपा, प्रक्षेपणाची यंत्रं सगळी त्यावर उभी होती. 1990मध्ये एचडीसाठी 709 ही शिफारस आली तिनेही 16–235 तसंच ठेवलं. बदलली ती उजळपणातली रंगांची वाटणी. हिरव्याचा वाटा 0.587 होता, तो 0.7152 झाला. निदानाला हा फरक फार उपयोगी पडतो. करड्या छटा जागच्या जागी आणि फक्त रंगच सरकलेले असतील, तर 601 आणि 709 ची गल्लत झाली आहे. करडाही बदलला असेल तर शोध पट्टीचा किंवा गॅमाचा, म्हणजे कुठल्या आकड्याला पडद्यावर किती उजेड हे ठरवणाऱ्या घाताचा, घ्यावा. गॅमाचा इतिहासही असाच गुंतलेला आहे. मॅकने छापील पानाशी जुळावं म्हणून 1.8 धरला होता आणि 2009मध्ये तो 2.2 वर आला. स्टुडिओतल्या मॉनिटरचा 2.4 तर 2011पर्यंत अधिकृतपणे लिहिलेलाच नव्हता, कारण तोपर्यंत पिक्चर ट्यूबचा अंगभूत स्वभाव हेच प्रमाण होतं.

यावर एक वाजवी आक्षेप असा, की आज फाइललाच आपला करार सांगता येतो, मग जुन्या इतिहासाचं काय घेऊन बसायचं? सांगता येतो, हे बरोबर. 2003च्या एच.264 मध्ये त्यासाठी रकाने आहेत. पण ते भरायची सक्ती नाही, आणि ‘अनिर्दिष्ट’ असाही एक आकडा, 2, तिथे मान्य आहे. रकाना रिकामा दिसला की पुष्कळ प्लेअर चित्राचा आकार पाहून अंदाज बांधतात: लहान असेल तर 601, एचडी असेल तर 709. जुन्या पाल टेपवरून घेतलेली 720 × 576 ची फाइल रंगांचं गणित न बदलता नुसती मोठी करून 1080 ला एक्सपोर्ट केली, की तिच्यातली हिरवळ गडद होते आणि लाल किंचित नारिंगीकडे झुकतो. त्यावर रंगांच्या चकत्या फिरवून उपाय करणारे बरेच असतात. खरी दुरुस्ती मात्र ती फाइल 601 म्हणून वाचायला सांगण्याची, म्हणजे क्लिपच्या गुणधर्मांतला एक पर्याय बदलण्याची असते.