नोंदवहीतलं नाव

लालबागच्या आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी चाळीच्या गॅलरीत बसून नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. पास झाली, की तिचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत चढेल.

मुंबई प्रांतात या नोंदणीचा कायदा झाला १९३५ साली. परळचं केईएम तेव्हा नऊ वर्षांचं होतं आणि कामा हॉस्पिटल तर १८८६ पासूनचं! त्या कायद्याच्या नावातच नर्सबरोबर सुईणीही होत्या, हे मला फार आवडतं. १९४७ मध्ये देशासाठी परिषदेचा कायदा आला, १९६६ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा.

ताईंनी फीसाठी गटातून कर्ज घेतलंय. बैठकीत एकीने विचारलंच, "नापास झाली तर?" आम्ही हप्ता सहा महिने पुढे ढकलला.