कंपनी

सिन्नरात एखाद्या पोराला विचारावं, सध्या काय करतोस? उत्तर ठरलेलं : "कंपनीत आहे." कोणत्या, हे सांगायची रीत नाही. माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत की मुसळगावच्या, एवढं कळलं की पुरे. ठेकेदार बदलतो, गेटवरची पाटी बदलते, कंपनी तीच राहते. त्याचा धाकटा भाऊ कॉलेजात एनसीसीत असला तर तोही कंपनीतच असतो. मैदानावर "कंपनी, सावधान!" अशी हाक आली की टाचा जुळतात. एका घरात दोन कंपन्या, आणि घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. शब्दाच्या दृष्टीनं खरोखरच काही वावगं नाही.

हा शब्द मुळात जेवणाचा आहे. लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी ते सोबती, आणि त्यांचा जमाव ती कंपनी. फ्रेंचांनी सैनिकांच्या तुकडीला ते नाव दिलं, व्यापाऱ्यांनी भागीदारांच्या मंडळीला. तोच ‘पानिस’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘पाँव’ झाला आणि आपल्याकडे पाव. म्हणजे बसस्टँडवरचा वडापाव आणि माळेगावची कंपनी एकाच कुळातले. सोयरीक लांबची असली, तरी आहे.

मराठीत हा शब्द शिरला तेव्हा दोन्ही अर्थ एकाच अंगात घेऊन आला. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी व्यापारी होती, आणि तिच्या पदरी पलटणी होत्या. आपले लोक इंग्रजांना टोपीकर म्हणत, पुढे कंपनी सरकार म्हणू लागले. तागडीवाल्याला सरकार म्हणावं लागणं ही गोष्ट किती विचित्र होती, हे त्या दोन शब्दांच्या जोडीतच दिसतं. १८१८ साली पेशवाई संपवताना याच कंपनीच्या फौजेनं आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला आणि आतल्या अरब शिबंदीनं तो जवळपास महिनाभर अडवून धरला. त्या मालेगावात कंपनी तोफा घेऊन आली, आमच्या माळेगावात ती भूखंड घेऊन आली. फरक ‘ल’ आणि ‘ळ’ एवढाच, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तेवढं खरं नाही. आमच्याकडे लोक पाठीमागे शेत आणि पुढे पगार ठेवून आपल्या पायांनी गेले.

शाळा-कॉलेजांशी कंपनीचा संबंध यायला फार वेळ लागला नाही. १८१३ च्या सनदेत हिंदुस्थानातल्या विद्येसाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढायचं कलम आलं. पुण्यात तर कंपनीला पैसा शोधायचीही गरज पडली नाही. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. ती एकदम बंद केली तर शहर बिथरेल, हे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या लक्षात आलं होतं. त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज उघडलं. देणारा पेशवा गेला आणि घेणाऱ्यांसमोर देणारी म्हणून कंपनी उभी राहिली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपल्या लोकांना कुणी नव्यानं शिकवावं लागलं नाही. कंपनीनं फक्त टाळी कुठल्या तालावर वाजवायची ते बदललं.

या कॉलेजाचा कारभार पुढे आला मेजर थॉमस कँडीकडे. मेजर म्हणजे खराखुरा, कंपनीच्या फौजेतला. मोल्सवर्थ, ज्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, तोही फौजेतलाच. कोशाच्या कामात कँडी त्याचा जोडीदार होता. मराठीला स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही शिस्त लावली तीही कँडीनंच. त्याचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चं. मराठी वाक्यानं कुठं थांबायचं आणि कुठं श्वास घ्यायचा हे एका लष्करी अधिकाऱ्यानं ठरवलं, आणि आज मीही हा मजकूर त्याच्याच खुणांनी लिहितो आहे. याचं मला वाईट वाटत नाही. खुणा चांगल्या आहेत. खटकतं ते पुढचं : सरकारी शाळांची मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं या एका माणसाच्या नजरेखालून गेली, आणि शाळेतली मराठी त्याला पटेल तशी झाली.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. म्हणजे तेही कंपनीच्याच अमदानीत, आणि उत्तरेत तिच्याच शिपायांनी बंड केलेलं असताना. पुढच्या वर्षी कंपनीचं राज्य गेलं, पैसेवाले राहिले. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या दोन लाखांतून उभा राहिला, ग्रंथालयासाठी त्यांनी आणखी दोन लाख दिले. तो पैसा कापसाच्या तेजीतला, आणि तेजी आली अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. आपल्या पहिल्या विद्यापीठाच्या घड्याळात दूरच्या लढाईचा टोला आहे.

पोळी नाकारणारेही निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षक होते आणि ‘शालापत्रक’ हे मासिक चालवत. त्यातली टीका न रुचून सरकारनं ते १८७५ साली बंद पाडलं. त्यांची बदली रत्नागिरीला झाली. १८७९ त त्यांनी नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात त्यांची खासगी शाळा, न्यू इंग्लिश स्कूल, सुरू झाली.

मैदानावरची कंपनी मात्र विद्यापीठात वेगळ्या दारानं आली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली म्हणून १९१७ साली विद्यापीठांत ‘युनिव्हर्सिटी कोअर’ उभारली गेली. १९२० नंतर तिचं ट्रेनिंग कोअर झालं, १९४२ त नावात ‘ऑफिसर्स’ची भर पडली. स्वातंत्र्याच्या तोंडावर पंडित हृदयनाथ कुंझरूंची समिती बसली आणि १९४८ च्या कायद्यानं राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आजची एनसीसी, आली. चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ साली कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची केली, १९६८ त सक्ती उठली. त्या पाच वर्षांत शिकलेले लोक आजही कवायतीचे किस्से सांगतात. बहुतेक किस्से दांडी कशी मारली याचे असतात.

मला यात सगळ्यात गमतीचा वाटतो तो छात्रसेनेचा अधिकारी. तो कॉलेजचाच प्राध्यापक. कामठीला प्रशिक्षण घेऊन येतो आणि लेफ्टनंट होतो, पुढे कॅप्टन. दारावर पाटी लागते : प्रा. कॅप्टन अमुक. सोमवारी वर्गात तो पोरांना सांगतो, शंका विचारा. रविवारी मैदानावर शंका विचारली तर फेरी पडते. माणूस तोच, आवाजही तोच. दोन्ही जागी मनापासून वागणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण पाटीवर ‘प्रा.’ आधी येतो की ‘कॅप्टन’, हे मी नेहमी बघतो.

आता तिसरी कंपनी आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून एमए-एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांची ओजेटी आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकायचं. सिन्नरच्या पोराला त्यासाठी लांब जावं लागत नाही, हे चांगलंच झालं. यंत्र डोळ्यांनी बघितल्यावर जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही. फक्त शेवटी एक कागद असतो. त्यावर कंपनीतल्या साहेबाची सही लागते, आणि त्या सहीवर मार्क लागतात. रसायनशास्त्राच्या एखाद्या पोरीला गेटच्या आतल्या प्रयोगशाळेत महिनाभर काम केल्यावर वाटलं, गेटच्या बाहेरच्या विहिरीचं पाणी तपासावं आणि त्यावरच प्रबंध लिहावा, तर तिला अडवणारा नियम कुठलाच नाही. तरी ती स्वतःच विषय बदलते. गाईडही म्हणतात, बाई, पुढच्या वर्षी आपली पोरं तिथंच पाठवायचीत.

रविवारी परेड सुटते तेव्हा उन्हं वर आलेली असतात. पोरं टोप्या काढून खांद्याच्या पट्टीखाली खोचतात आणि वडापावच्या गाडीवर जातात. कुणाकडे दहा कमी, कुणाकडे वीस जास्त; पैसे गोळा होतात, पाव मोडले जातात. दुसऱ्या पाळीची बस यायला अजून अवकाश असतो.