कांदळवन आणि वादळवारा

नाशिक समुद्रापासून दूर खरें. पण ३ जून २०२० रोजीं ताशी ११०-१२० किलोमीटर वेगानें श्रीवर्धनच्या परिसरांत आदळलेलें ‘निसर्ग’ वादळ, दुबळें होऊन कां होईना, त्याच रात्रीं आपल्याकडे आलें. किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या त्यानें आडव्या केल्या होत्या. तेथें तिवरांची राई असती तर? उघड्या पुळणीवर ती रुजत नाहीं. तिला खाडीचा चिखल हवा. जेथें कांदळवन दाट आहे, तेथें पानाफांद्यांत वाऱ्याचा जोर जिरतो. मात्र मागल्या घरांस आडोसा मिळतो तो झाडांच्या उंचीच्या मानानेंच. तोडून खुरटलेली राई काय अडविणार? सरपणासाठीं पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही तोड मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं मना केली. मुंबईच्या बेटांमधील खाड्या तर केव्हांच बुजविल्या गेल्या होत्या.