महारांची पलटण

जुन्या मुंबई लष्करांत महार तरुण टिकून राहत, ते केवळ पगाराकरितां नव्हे. चाकरी पुरी होतां पेन्शन मिळे. शिवाय छावणींत शाळा असे. ज्याला गांवच्या शाळेची पायरी चढूं देत नसत, त्याचा मुलगा येथें अक्षरें गिरवी. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच शाळेचे हेडमास्तर. पुढें ‘लढवय्या जातीं’चें खूळ माजलें व १८९२ च्या सुमारास ही भरती थांबली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनीं १८९४ मध्यें अर्ज लिहिला. दाद लागली नाहीं. महायुद्धांत माणसें कमी पडतांच १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ मध्यें मोडली! गरज सरो, वैद्य मरो. १९४१ मध्यें, पुन्हां युद्धकाळींच, बेळगांवीं महार रेजिमेंट निघाली. ती मात्र आजहि आहे.