'नमान मरिये' : अभिवादन ते याचना

गोव्याहून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आलेल्या कॅथलिक कुटुंबांबरोबर 'नमान मरिये' ही कोकणी प्रार्थनाही या परिसरात आली. तिच्या घडणीत आम्हांला तीन थर दिसतात. पहिला गाब्रिएल दूताच्या अभिवादनाचा, दुसरा एलिझाबेथच्या धन्योद्गारांचा. दोन्ही लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले. तिसरा थर याचनेचा : आम्हां पाप्यांसाठी आता आणि मरणसमयी विनंती कर, ही. ती बायबलात नाही. लोकभक्तीतून ती वाढली आणि १५६८च्या रोमन प्रार्थनाग्रंथात तिचे रूप निश्चित झाले. त्यानंतर अकराच वर्षांनी, १५७९ साली, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. त्यांची कोकणी 'दौत्रिना क्रिस्तां' ही प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, रायतूर येथे छापली गेली.

मूळ ग्रीक अभिवादनाचा धात्वर्थ 'आनंदित हो' असा आहे. लॅटिन 'आवे'मध्ये तो आनंद मागे पडून केवळ अभिवादन उरले. कोकणीतल्या 'नमान'ने त्याला नमनाची जोड दिली. दूत आनंदवार्ता सांगतो, भक्त मात्र मस्तक लववतो. आमच्या मते या एका शब्दाने प्रार्थनेचे दोन्ही भाग सांधले : जो नमतो, तोच पुढे मागतो. अनुवादात अर्थ हरवतो असे आपण म्हणतो. येथे तो भक्तीच्या दिशेने वळला.