स्वस्त वायर्ड ‘इन-इअर मॉनिटर’ : नाद आणि बांधणी कशी पारखावी

नवी दिल्ली : साधारण हजार ते तीन हजार रुपयांत मिळणारे वायर्ड ‘इन-इअर मॉनिटर’, म्हणजेच ‘आयईएम’, आज ज्या दर्जाचा आवाज देतात, त्यासाठी दहा वर्षांपूर्वी कितीतरी अधिक रक्कम मोजावी लागत असे. मात्र या किमतीत नावांची इतकी गर्दी झाली आहे की, नेमके काय पाहून निवड करावी, हे ग्राहकाला उमगत नाही. खोक्यावरील दावे या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत. आयईएम कानात नीट बसतो का, त्याचा स्वरसमतोल कसा आहे आणि त्याची वायर किती काळ टिकेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवडीचे बहुतेक काम होते. त्यांतला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

या उपकरणाच्या नावातील ‘मॉनिटर’ हा शब्द रंगमंचावरून आला आहे. वाद्यवृंदातील कलावंताला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पूर्वी मंचावर त्याच्याकडे तोंड करून ध्वनिक्षेपक ठेवत. त्याऐवजी थेट कानात बसणारे साधन अमेरिकी ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी १९९५ मध्ये ‘व्हॅन हेलन’ या रॉक वाद्यवृंदाचे ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी तयार केले आणि त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. त्याआधी १९९१ मध्ये श्रवणविज्ञानात काम करणाऱ्या ‘एटिमोटिक’ कंपनीने ‘ईआर-४’ हा कानाच्या नळीत खोलवर जाणारा इअरफोन बाजारात आणला होता. दोन्ही साधने महाग होती आणि सामान्य श्रोत्याच्या आवाक्याबाहेर होती.

चित्र पालटले ते गेल्या दशकात. ॲपलने २०१६ मध्ये ‘आयफोन ७’ मधून ३.५ मिलिमीटरचे जॅक काढून टाकले आणि मोठ्या कंपन्यांचे लक्ष ब्लूटूथकडे वळले. त्याच सुमारास चीनमधील शेन्झेन, चेंगदू या शहरांतील लहान-मोठ्या उत्पादकांनी वायर्ड आयईएमची बाजारपेठ व्यापली. २०२२ मध्ये आलेले ‘मूनड्रॉप चू’ आणि ‘सेव्हन हर्ट्झ सॅलनोट्स झिरो’ हे सुमारे २० डॉलरचे आयईएम या वर्गाची ओळख ठरले. दोन्हींत १० मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे. एक चांगला ड्रायव्हर आणि विचारपूर्वक केलेले स्वरसंतुलन एवढ्या भांडवलावर बरेच काही साधता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

भारतात अशा इअरफोनचा ग्राहक केवळ संगीतशौकीन नाही. ऑनलाइन व्याख्याने ऐकणारे विद्यार्थी, मोबाइलवर चित्रफिती संपादित करणारे तरुण, ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवणारे कर्मचारी, रियाजासाठी तानपुऱ्याचे ॲप लावणारे गायक, या सर्वांना न चुकणारा आणि विलंब न लावणारा आवाज हवा असतो. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो; वायरमध्ये तो प्रश्नच नाही. शिवाय वायर्ड इअरफोनमध्ये बॅटरी नसल्याने ती क्षीण होऊन वस्तू टाकून देण्याची वेळ येत नाही.

आधी बसवणूक

आयईएमचा रबरी बड कानाच्या नळीचे तोंड पूर्ण बंद करतो, तेव्हाच त्यातील खर्ज ऐकू येतो. बड आणि त्वचा यांच्यात बारीकशी फट राहिली तरी १०० हर्ट्झच्या खालचे स्वर १० डेसिबलहून अधिक घसरू शकतात. मग तोच इअरफोन पातळ, पत्र्यासारखा आणि कर्कश वाटू लागतो. ‘आवाजात दम नाही’ अशा ज्या तक्रारी ग्राहक नोंदवतात, त्यांतील कित्येकांचे मूळ ड्रायव्हरमध्ये नसून चुकीच्या आकाराच्या बडमध्ये असते.

ही तपासणी घरच्या घरी करता येते. ज्यात डग्गा किंवा पखवाज स्पष्ट आहे असे ध्वनिमुद्रण लावावे आणि इअरफोन बोटाने अलगद आत दाबावा. दाबताच घुमारा एकदम वाढला आणि बोट काढताच नाहीसा झाला, तर बड लहान आहे किंवा इअरफोन पुरेसा आत गेलेला नाही. कानाची बाह्यपाळी हलकेच वर व मागे ओढून इअरफोन बसवल्यास तो नीट जातो. अनेकांचे दोन्ही कान सारख्या मापाचे नसतात. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठा बड लागला तर त्यात वावगे काही नाही. खोक्यात सहसा तीन मापे मिळतात. त्यांतील एकही बसत नसेल, तर निराळ्या आकाराचे सिलिकॉनचे किंवा फोमचे बड वेगळे विकत मिळतात. नवा इअरफोन घेण्यापूर्वी हा खर्च करून पाहावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

बसवणुकीचा प्रश्न केवळ संगीताच्या गोडीचा नाही. फटीतून खर्ज निसटतो आणि त्याच वाटेने बस, मेट्रो किंवा पंख्याचा गोंगाट आत येतो. श्रोता साहजिकच आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे ही सुरक्षित मर्यादा आहे. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की अनुज्ञेय वेळ निम्मा होतो. या हिशेबाने ९० डेसिबलवर आठवड्याचे अवघे चार तास उरतात. रोज तासभर प्रवास करणारा श्रोता ते पाचव्या दिवसाआधीच संपवतो. १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक व्यक्तींना असुरक्षित श्रवणामुळे ऐकण्याची क्षमता गमावण्याचा धोका असल्याचे संघटनेने म्हटले आहे. अशा रीतीने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा आवाज अडवतो, त्यामुळे कमी पातळीवरही सर्व ऐकू येते. अर्थात याच कारणाने तो लावून रस्ता किंवा रेल्वेरूळ ओलांडणे जिवावर बेतू शकते.

स्वरसमतोल

परीक्षणांमध्ये आढळणारा वक्रालेख इअरफोन कोणत्या स्वराला किती उठाव देतो, हे दाखवतो. तो सपाट असणे म्हणजे उत्तम, असा समज चुकीचा आहे. मोकळ्या कानाची नळी सुमारे ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच मोठा करते. इअरफोनने ती बंद केली की हा नैसर्गिक उठाव बदलतो. म्हणून त्या भागात इअरफोनलाच उंचवटा द्यावा लागतो. तो नसेल तर गायक पडद्याआडून गात असल्यासारखा वाटतो आणि प्रमाणाबाहेर असेल तर स्त्रीस्वर व सनई कानाला टोचू लागतात.

हा उंचवटा आणि खर्ज किती असावा, याचा अभ्यास अमेरिकेतील ‘हरमन’ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांवर प्रयोग करून केला. त्यातून निघालेला ‘हरमन टार्गेट’ हा वक्र आज अनेक उत्पादकांचा आणि परीक्षकांचा संदर्भबिंदू आहे. मात्र ती बहुसंख्य श्रोत्यांच्या पसंतीची सरासरी आहे, नियम नव्हे. दुसरी मर्यादा मोजणीची. ही मोजमापे मानवी कानाची नक्कल करणाऱ्या धातूच्या नळीत घेतली जातात आणि साधारण ८ हजार हर्ट्झच्या पुढे त्या नळीचा स्वतःचा अनुनाद आलेखात मिसळतो. त्या टापूतील एखाद्या शिखरावरून इअरफोन ‘तिखट’ ठरवणे घाईचे ठरते. तिथे प्रत्येकाचा कान वेगळे बोलतो.

म्हणून शेवटी ऐकावेच लागते, आणि त्यासाठी परदेशी परीक्षकांच्या गाण्यांच्या यादीची गरज नाही. आपल्या शास्त्रीय संगीतात ही सारी सामग्री आहे. पुरुष गायकासाठी काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झवर वाजते आणि जवारीमुळे तिच्यातून वरच्या स्वरांची झालर सतत उमटत राहते. चांगल्या इअरफोनवर तारांचे चार आघात वेगवेगळे कळतात आणि झालर अखंड राहते. सुमार इअरफोनवर तो केवळ एक गुंजारव होतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐकताना घुमारा स्वर म्हणून वर चढतो का, की नुसता धपका ऐकू येतो, हे पाहावे. खर्ज जास्त असणे आणि खर्ज स्पष्ट असणे, यांतील फरक तिथे कळतो. तबल्याच्या किनारीवरचा आघात लखलखीत हवा, पण तो काचेसारखा फुटता कामा नये.

ऊष्मवर्णांची परीक्षा त्याहून सोपी आहे. आकाशवाणीचे कोणतेही बातमीपत्र लावावे. ‘संसदेच्या स्थायी समितीच्या सदस्यांनी’ यासारख्या शब्दावलीत ‘स’ शिट्टीसारखा कानात घुसत असेल, तर ५ ते ८ हजार हर्ट्झच्या टापूत उठाव जास्त आहे. गाण्यात दहा मिनिटे तो खपून जातो. दोन तासांच्या व्याख्यानात डोके दुखवतो. निवेदकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहतो का, हेही याच वेळी पाहावे. तो एका बाजूला कलत असेल तर इअरफोन उलटसुलट घालून पाहावेत. कल बाजू बदलत असेल तर दोष इअरफोनचा, न बदलल्यास बसवणुकीचा किंवा कानातील मळाचा.

दोन इअरफोनची तुलना करताना दोन्हींची पातळी समान ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण जरासा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. दुकानातील पाच मिनिटांत हमखास फसगत होते ती इथे. ‘शंभर तास वाजवा, मग खुलेल’ हा सल्लाही सावधपणे घ्यावा. त्या काळात इअरफोनपेक्षा श्रोत्याचा कान अधिक बदलतो. 

खोक्यावरील आकडे

ड्रायव्हरची संख्या म्हणजे दर्जा नव्हे. एका डायनॅमिक ड्रायव्हरला सूक्ष्म ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ जोडून ‘हायब्रिड’ इअरफोन बनवतात. पण आवाजाची त्यांच्यातील वाटणी काटेकोर नसेल तर सांधा ऐकू येतो. ‘४० हजार हर्ट्झपर्यंत’ हा दावा ‘हाय-रेझ’ बोधचिन्हासाठी लागतो. माणसाला मात्र फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि वयानुसार तेही घटते.

संवेदनशीलतेच्या आकड्यात एक छुपी मेख आहे. काही कंपन्या तो प्रतिमिलिवॉट देतात, तर काही प्रतिव्होल्ट. ३२ ओहमच्या इअरफोनच्या बाबतीत या दोन पद्धतींत सुमारे १५ डेसिबलचा फरक पडतो. त्यामुळे १०८ डेसिबल प्रतिमिलिवॉटचा इअरफोन आणि १२३ डेसिबल प्रतिव्होल्टचा इअरफोन हे प्रत्यक्षात सारख्याच पातळीचे असतात. या किमतीतील बहुतेक आयईएम साध्या फोनवर पुरेसे वाजतात, वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरज नसते. ज्या फोनला जॅक नाही त्यासाठी यूएसबी-सी जोडणी लागते, ती मात्र आत ध्वनिरूपांतरक चिप असलेली घ्यावी. चिप नसलेल्या जोडण्या काही फोनवर चालतात आणि काहींवर मुळीच नाही.

बांधणी

इअरफोन बहुधा आवाजामुळे बाद होत नाही, वायरीमुळे होतो. ती तुटते पिनपाशी किंवा कवचातून बाहेर पडते तिथे. या दोन्ही ठिकाणी लवचीक रबरी आवरण आहे का, हे पाहावे. वायर सुटी करता येणारा इअरफोन शंभर-दोनशे रुपये महाग असला तरी तोच घ्यावा, कारण वायर गेल्यास तेवढीच बदलता येते. यातील ०.७८ मिलिमीटरची दोन पिनांची जोडणी सर्वाधिक प्रचलित आहे. ‘एमएमसीएक्स’ ही गोल जोडणी फिरते, पण स्वस्त उपकरणांत वारंवार काढघाल केल्यास ती सैल पडून आवाज तुटू लागतो. दोन पिना सरळच ओढाव्यात. वाकवून ओढल्यास त्या मोडतात.

चालताना वायर कपड्याला घासून कानात खरखर येत असेल, तर ती कानामागून घ्यावी. बहुतेक आयईएमची रचना तशीच असते. गळ्याशी सरकणारा मणी असेल तर वायर घट्ट राहते. माइक हवा असल्यास पिनेवर तीन नव्हे तर चार पट्टे आहेत, याची खात्री करावी.

कवच धातूचे की प्लास्टिकचे, याला ग्राहक अवाजवी महत्त्व देतात. दोन अर्ध्यांमधील सांधा नखाला लागू नये, नळीच्या तोंडावरील जाळी पक्की बसलेली असावी आणि बड अडकून राहावा म्हणून तिथे कड असावी, हे अधिक मोलाचे. ही कड नसल्यास इअरफोन बाहेर येतो आणि बड कानातच राहतो. घालताना आत ‘टक’ किंवा चुरचुर असा आवाज आला तर ते हवेच्या दाबाने ड्रायव्हरचा पडदा वाकण्याचे लक्षण आहे. हळू घातल्यास तो टळतो.

कोकण, गोवा, कोची, चेन्नई अशा दमट किनारपट्टीवर पारदर्शक वेष्टनाची तांब्याची वायर काही महिन्यांत हिरवट पडू शकते. ते गंजणे दिसायला वाईट असले तरी आवाजावर लगेच परिणाम करत नाही. खरी अडचण जाळीवर साचणाऱ्या मळाची आणि घामाची. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला तर ड्रायव्हर गेला असे मानण्यापूर्वी बड काढून जाळी कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून साफ करावी. पाणी किंवा सुई वापरू नये.

आयात मालाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. हे तपशील नसलेला माल स्वस्त असला तरी त्याची हमी मागायची कोणाकडे, हा प्रश्न उरतो. कानात घालण्याची वस्तू असल्याने अनेक विक्रेते उघडलेले पाकीट परत घेत नाहीत. त्यामुळे परतीची अट पैसे देण्याआधी वाचावी. सदोष वस्तू बदलून देण्यास विक्रेत्याने नकार दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.